दंतशूलाचा रुग्ण आणि त्याचा रिकामा खिसा

दाढ दुखू लागली की माणूस प्रथम दंतवैद्याकडे जात नाही. तो घरातील लवंगेकडे वळतो, तिने भागले नाही की नाक्यावरील औषधाच्या दुकानात जातो, आणि दोन रात्री जागून काढल्यावर आपल्या चिकित्सालयाची पायरी चढतो. हा क्रम आपल्या सर्वांच्या परिचयाचा आहे. त्याचे कारण विचारले असता 'लोकांना दातांचे गांभीर्यच नाही' किंवा 'दात काढण्याची भीती वाटते' असे म्हणून आपण विषय संपवतो. माझे मत निराळे आहे. बहुतेक रुग्णांना चिमट्याची जेवढी भीती वाटते त्याहून अधिक बिलाची वाटते. वैद्याकडे गेल्यास किती पैसे लागतील हे त्याला पूर्वानुभवाने ठाऊक असते. दंतवैद्याच्या खुर्चीत बसल्यावर मात्र आकडा काहीशे रुपयांत थांबेल की काही हजारांपर्यंत जाईल याचा त्याला अंदाज नसतो, आणि खुर्चीत बसल्यानंतर 'नको' म्हणण्याचा संकोच वाटतो. म्हणून तो त्या खुर्चीपर्यंत जाणेच टाळतो.

अशा रुग्णाला आपण काय देतो, हा प्रस्तुत लेखाचा विषय आहे. आपण त्याला वेदनाशमन देतो आणि तो समाधानाने घरी जातो. ही सेवा आहे याबद्दल शंका नाही. परंतु ज्या वेदनाशमनामुळे रुग्णाचा पुढचा शोध थांबतो, ते स्वस्त नसून अंती फार महाग पडते, आणि त्याची किंमत आपण नव्हे तर तो मोजतो. खिशात पैसे नाहीत म्हणून आपल्याकडे आलेल्या रुग्णाला परवडेल असे दार दाखवणे, तेही त्याच दिवशी, हा आपल्या चिकित्सेचाच भाग मानला पाहिजे, असे माझे निवेदन आहे.

प्रथम विम्याचा विचार करू. आपल्याकडील आरोग्यविमा मुळात रुग्णालयात दाखल होण्याच्या कल्पनेवर उभारलेला आहे. दाताचे बहुतेक उपचार खुर्चीत बसून, तासाभरात, दाखल न होता होतात. त्यामुळे सर्वसाधारण पॉलिसीत ते वगळलेले असतात. अपघातात दात वा जबडा दुखावून दाखल व्हावे लागले तर गोष्ट वेगळी. म्हणजे विमा असलेला सुशिक्षित पगारदारही दाढेच्या बाबतीत विमा नसलेल्या हमालाच्याच रांगेत उभा असतो. फरक इतकाच, की पगारदाराकडे महिनाअखेर रक्कम येणार असते.

शासकीय योजनांचीही घडण अशीच आहे. २०१२ साली राजीव गांधी जीवनदायी आरोग्य योजना या नावाने आठ जिल्ह्यांत सुरू झालेली आणि २०१७ पासून महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजना म्हणून ओळखली जाणारी योजना आज आपल्या रुग्णांना चांगली ठाऊक आहे. २०२३ च्या शासननिर्णयाने ती राज्यातील सर्व कुटुंबांना खुली झाली आणि प्रतिकुटुंब संरक्षण ५ लाख रुपयांपर्यंत वाढवण्याचे ठरले. हे निःसंशय मोठे पाऊल आहे. पण तिचाही भर दाखल होऊन करावयाच्या उपचारांवर व शस्त्रक्रियांवर आहे. जबडा मोडला तर तिचा आधार मिळू शकतो. किडलेल्या दाढेतील पू आज संध्याकाळी काढून घ्यावयाचा असेल तर ती उपयोगी पडत नाही. व्याधी साध्य असताना दार बंद आणि कृच्छ्रसाध्य झाल्यावर उघडे, अशी ही विपरीत व्यवस्था आहे. याला अपवाद कर्मचारी राज्य विमा योजनेचा. त्या योजनेच्या दवाखान्यांत व रुग्णालयांत बाह्यरुग्ण म्हणूनही उपचार मिळतात आणि रुग्णालयांत दंतविभाग असतात. २०१७ पासून तिची वेतनमर्यादा दरमहा २१,००० रुपये झाली आणि २०१९ पासून कामगाराचा हिस्सा वेतनाच्या पाऊण टक्क्यावर, तर मालकाचा सव्वातीन टक्क्यांवर आला. आपल्या वाचकांत औषधनिर्मिती करणारे अनेक फार्मसीचालक आहेत. कुटणी, चाळणी आणि पॅकिंग करणाऱ्या आपल्या कामगारांची नोंदणी खरोखर झाली आहे काय आणि त्यांच्या हाती कार्ड आहे काय, हे त्यांनी एकदा पाहून घ्यावे. कार्ड आहे पण त्यावर दातही दाखवता येतो हे माहीतच नाही, असे कामगार मी पुष्कळ पाहिले आहेत.

आता शास्त्राकडे वळू, कारण 'आयुर्वेदात दंतरोगांवर औषधे आहेत, मग रुग्णाला अन्यत्र का पाठवावे' असा आक्षेप येणारच. सुश्रुताचार्यांनी पासष्ट मुखरोग सांगितले. त्यांपैकी पंधरा दंतमूलगत आणि आठ दंतगत. ही गणना आपण सर्वांनी परीक्षेसाठी पाठ केलेली आहे. परंतु चिकित्सास्थानाच्या बाविसाव्या अध्यायात त्यांचा काळासंबंधीचा आग्रह किती कठोर आहे, हे पुन्हा वाचून पाहण्यासारखे आहे. कृमिदंत हलत नसेल तर स्वेदन, विस्रावण, अवपीड नस्य, स्निग्ध गंडूष. हलू लागला असेल तर तो काढून त्या स्थानाचे दहन. दंतनाडी झाली असेल तर ज्या दाताशी ती आहे तो दातच काढावा, कारण उपेक्षा केल्यास नाडीची गती हनुवटीचे हाड निश्चितपणे फोडते, असे ते सांगतात. वरच्या दाताच्या बाबतीत मात्र तो हलत असला तरी काढू नये, असे बजावतात. रक्तातियोगाने दृष्टिनाश आणि अर्दित होण्याचे भय त्यामागे आहे. या वचनांतून दोन गोष्टी निघतात. एक, केवळ लेप व गंडूष यांवर भागवण्याची मुभा आचार्यांनी विशिष्ट अवस्थेपुरतीच दिली आहे. दुसरी, उत्पाटन ही किरकोळ क्रिया आहे असे त्यांनी कोठेही मानलेले नाही. म्हणजे विलंबही नको आणि साहसही नको. आधुनिक दंतशास्त्र क्ष-किरण, भूल आणि निर्जंतुक उपकरणे घेऊन नेमके याच दोन धोक्यांच्या मधून वाट काढते.

येथे एक निदानविषयक मुद्दा, ज्याने आपण आणि रुग्ण दोघेही फसतो. तीन-चार दिवस ठणकणारी दाढ एकाएकी थांबते. रुग्ण म्हणतो, गुण आला. वस्तुतः पुष्कळदा दाढेच्या आतील मज्जा मृत झालेली असते. संवेदना उरलेली नसल्यामुळे वेदना नाही. पाक मात्र मुळाच्या टोकाशी चालूच असतो आणि काही आठवड्यांनी वा महिन्यांनी गाल सुजवून परत येतो. मृत मज्जेत रक्ताचा प्रवाह नसल्याने पोटात घेतलेले प्रतिजैविक तेथे पोहोचत नाही. ते आजूबाजूच्या ऊतींतील प्रसार काही काळ आवरते. मूळ स्थान मोकळे केल्याशिवाय व्याधी जात नाही. पक्व विद्रधीला पाटन हवे, हे आपल्याला कोणी वेगळे शिकवण्याची आवश्यकता नाही. दाताचा विद्रधी तेवढा आपण गोळीने शमवू पाहतो.

गोळीचा उल्लेख आला म्हणून औषध दुकानदार बंधूंशी थोडे स्पष्ट बोलतो. 'दाढेची गोळी द्या' असे म्हणत आलेल्या ग्राहकाला दोन वेदनाशामक आणि तीन प्रतिजैविके पुडीत बांधून देण्याचा प्रघात आहे. तीन गोळ्यांचा हा मात्राक्रम कोणत्याही ग्रंथात नाही. प्रतिजैविके परिशिष्ट एच मध्ये आहेत आणि त्यांपैकी काहींसाठी २०१४ पासून एच-१ ची वेगळी नोंदवही ठेवावी लागते, हे आपण जाणताच. पण कायदा बाजूला ठेवला तरी, त्या पुडीने तीन दिवस मिळतात आणि तीन दिवसांची मजुरी जात नाही, एवढाच तिचा हिशेब असतो. महिन्यातून तीनदा तीच पुडी नेणाऱ्या ग्राहकाचा चेहरा दुकानदाराच्या लक्षात असतोच. त्याला तिसऱ्या वेळी 'ही शेवटची, आता अमुक ठिकाणी जा' असे सांगणारा दुकानदार मी पाहिला आहे. त्याचे ग्राहक तुटलेले नाहीत. वृद्ध, मधुमेही वा वृक्कविकार असलेल्या ग्राहकाला वेदनाशामक नित्य देत राहणे तर केवळ दाताचा प्रश्न राहत नाही. आणि अ‍ॅस्पिरिनची गोळी हिरडीवर दाबून ठेवण्याचा सल्ला कोणी देत असेल तर तो तत्काळ थांबवावा. तिने हिरडी भाजते. लवंग तेलाचेही तसेच आहे. कापसाच्या बोळ्यावर थेंबभर घेऊन किडीच्या खड्ड्यात ठेवले तर उत्तम शमन होते. बाटली तोंडात उपडी केली तर गाल सोलवटतो.

आपल्या फार्मस्यांच्या दंतमंजनांवरील आणि तेलांवरील मजकूरही पाहण्यासारखा आहे. इरिमेदादि तेलाचा गंडूष, त्रिफळा क्वाथाचा कवल, दशनसंस्कार चूर्णाचे प्रतिसारण यांचे स्थान हिरडीच्या विकारांत आणि नित्य दिनचर्येत मोठे आहे, आणि ते तसेच सांगावे. 'दाढदुखीवर रामबाण, दात काढण्याची गरज नाही' असे छापले की गरीब ग्राहक त्यावर विश्वास ठेवतो, कारण विश्वास ठेवणे त्याला परवडते आणि दंतवैद्य परवडत नाही. लेबलावर 'सूज, ताप असल्यास वा तीन दिवसांत उतार न पडल्यास दंतवैद्याकडे जावे' ही एक ओळ छापण्यास शाईचा खर्च वाढत नाही. तंबाखूयुक्त दंतमंजनांवर १९९२ साली केंद्र शासनाने बंदी घातली. तरी घरी भाजलेली मिश्री आजही ग्रामीण भागात सर्रास लावली जाते आणि दात दुखला की तीच जास्त दाबली जाते. मिश्रीने आलेला बधिरपणा हाही एक प्रकारचा विलंबच आहे.

विलंबाची किंमत म्हणजे काय, हे एका उदाहरणाने सांगतो. साखरपट्ट्यात व्यवसाय करणाऱ्या वैद्यांना ऊसतोडणी कामगारांचे जीवन परिचित आहे. नवरा-बायको मिळून एक 'कोयता', हंगामाआधी मुकादमाकडून घेतलेली उचल, आणि कामावर न आल्यास लागणारा 'खाडा'. माझ्याकडे आलेला एक तरुण कामगार खालची शेवटची दाढ तीन आठवडे गोळ्यांवर रेटत होता. दाढ काढायला तालुक्याला जायचे म्हणजे एक दिवस दोघांचेही काम बंद, कारण एकट्याने मोळ्या बांधून होत नाहीत. म्हणून 'पट्टा पडल्यावर काढू' असे त्याने ठरवले होते. माझ्यासमोर आला तेव्हा तोंड जेमतेम एक बोट उघडत होते, हनुवटीखाली कठीण शोथ होता, थुंकी गिळता येत नव्हती आणि अंगात ताप होता. त्याला त्याच क्षणी जिल्हा रुग्णालयात पाठवावे लागले. तेथे हनुवटीखाली छेद घेऊन पू काढला, दाढ काढली, आणि तो आठवडाभर दाखल राहिला. तो वाचला. रुग्णालयाचे बिल नगण्य होते. पण खाडे, गाडीभाडे, पत्नीचे बुडालेले काम आणि पुढच्या हंगामावर चढलेली उचल यांचा हिशेब त्याने मला नंतर बोटांवर मोजून दाखवला, तेव्हा पहिल्याच आठवड्यात खासगी दंतवैद्याकडे तीच दाढ काढली असती तर त्याचा अगदी लहानसा अंश लागला असता, हे त्यालाही उमगले होते.

या कथेतील शिकवण दंतवैद्याच्या शुल्काबाबत नाही. गरिबाला उपचाराचे शुल्क हा खर्चाचा केवळ एक भाग असतो. बुडालेली मजुरी, जाण्यायेण्याचे भाडे, सोबत येणाऱ्याचा दिवस आणि 'आज डॉक्टर नाहीत, परवा या' हे शब्द ऐकून मारलेला फुकटचा हेलपाटा, यांनीच तो नामोहरम होतो. आपण पाठवलेला रुग्ण एका खेपेत काम उरकून परत यावा, एवढे जरी आपण साधले तरी उपचार त्याला निम्म्याने परवडू लागतात.

मग पाठवावे कोठे? १५ ऑगस्ट २०२३ पासून राज्याच्या सार्वजनिक आरोग्य विभागाच्या रुग्णालयांतील तपासण्या व उपचार निःशुल्क करण्यात आले. जिल्हा रुग्णालयात आणि अनेक उपजिल्हा रुग्णालयांत दंतचिकित्सक असतात. ग्रामीण रुग्णालयात काही ठिकाणी पद आहे, काही ठिकाणी पद आहे पण माणूस नाही, आणि काही ठिकाणी खुर्ची आहे पण ती चालत नाही. केंद्राचा राष्ट्रीय मौखिक आरोग्य कार्यक्रम २०१४-१५ पासून याच उणिवा भरण्यासाठी आहे. मुंबई, नागपूर आणि छत्रपती संभाजीनगर येथील शासकीय दंत महाविद्यालये व मुंबईचे नायर रुग्णालय दंत महाविद्यालय येथे अल्प शुल्कात सर्व प्रकारचे दंतोपचार होतात. गोव्याच्या सीमेलगतच्या रुग्णांना बांबोळीचे दंत महाविद्यालय जवळ पडते. खासगी दंत महाविद्यालयांकडे आपले दुर्लक्ष होते. विद्यार्थ्यांना शिकण्यासाठी रुग्ण लागतात, म्हणून तेथील दर बाहेरच्या मानाने पुष्कळ कमी असतात. काम सावकाश होते, खेपा जास्त होतात. पण अध्यापकांच्या देखरेखीखाली होते. दात वाचवण्यासारखा असेल आणि रुग्णाला वेळ काढता येत असेल तर ही उत्तम जागा. धर्मादाय विश्वस्त संस्थांच्या रुग्णालयांत उच्च न्यायालयाच्या आदेशानुसार २००६ पासून दहा टक्के खाटा निर्धन रुग्णांसाठी मोफत आणि आणखी दहा टक्के दुर्बल घटकांसाठी निम्म्या दरात राखून ठेवलेल्या असतात. पू पसरून दाखल होण्याची वेळ आली तर हा आधार ऐन वेळी आठवला पाहिजे. तेथे उत्पन्नाचा दाखला वा शिधापत्रिका मागतात. ती बरोबर नेण्यास आपणच सांगावे. महिलांना एसटीच्या भाड्यात २०२३ पासून निम्मी सवलत मिळते, ही गोष्ट लहान वाटली तरी 'जाऊ की नको' या निर्णयात तिचा वाटा असतो.

खासगी दंतवैद्याकडेच जावयाचे असेल तर रुग्णाला एक भेद समजावून सांगावा: आज करावयाचे काम आणि पुढे करावयाचे काम. पू मोकळा करणे, दाढ उघडून दाब कमी करणे, किंवा वाचण्यासारखी नसल्यास काढणे, हे आजचे काम आणि त्याचा खर्च मर्यादित. रूट कॅनॉल पूर्ण करणे आणि वर कॅप बसवणे हे पुढचे, महाग. बहुतेक दंतवैद्य विचारल्यास हे दोन भाग वेगळे सांगतात आणि हप्त्यानेही घेतात. विचारण्याचे धैर्य रुग्णाला होत नाही. 'आज किती, एकूण किती, आणि दाढ काढली तर किती' हे तीन प्रश्न त्याने खुर्चीत बसण्यापूर्वी विचारावेत. मात्र केवळ काढणे स्वस्त म्हणून प्रत्येक दाढ काढण्याचा सल्ला आपण देऊ नये. चर्वणाची दाढ गेल्यावर अन्नपचनापासून पुढच्या दातांच्या ठेवणीपर्यंत काय बिघडते, हे आपण जाणतो. पैशाची तातडीची नड असेल तर सावकारापेक्षा आणि मोबाइलवरील झटपट कर्जापेक्षा गावातील बचत गट बरा. आजारपणासाठी अंतर्गत कर्ज देणे हे त्या गटांचे नित्याचे काम आहे. दात हेही आजारपण आहे, एवढे गटाच्या अध्यक्षांना सांगावे लागते, इतकेच.

कोणत्या रुग्णाने क्षणभरही थांबू नये, हेही येथे नोंदवणे आवश्यक आहे. तोंड उघडत नसणे, जिभेखाली वा हनुवटीखाली सूज, गिळण्यास वा श्वासास त्रास, आवाज बदलणे, डोळ्यापर्यंत चढलेला शोथ, तापासह ग्लानी. यांपैकी काहीही असल्यास लेप नको, काढा नको, १०८ क्रमांकाला दूरध्वनी. त्या रुग्णवाहिकांवर आपलेच कितीतरी पदवीधर काम करतात. लुडविग या जर्मन वैद्याने १८३६ साली वर्णिलेली हनुवटीखालची ही व्याधी आजही श्वासमार्ग बंद करून प्राण घेते. मधुमेही रुग्णात ती अधिक वेगाने पसरते, म्हणून दाढेच्या सुजेबरोबर रक्तशर्करा पाहावीच. चढण चढताना खालच्या जबड्यात कळ येणाऱ्या प्रौढाचा दात तपासण्यापूर्वी हृदय तपासावे. रक्त पातळ करणारी गोळी चालू असलेल्याने ती आपल्या मनाने बंद करू नये. आणि मार लागून मुलाचा कायमचा दात सबंध निखळला तर तो मुकुटाकडून धरावा, घासू नये, शक्य तर जागीच बसवावा, न जमल्यास दुधात घालून अर्ध्या तासाच्या आत दंतवैद्याकडे न्यावा. तो पुन्हा रुजू शकतो. दुधाचा दात मात्र बसवू नये.

यावर काही तरुण मित्र म्हणतील, आता आपणच हे करू शकतो. नोव्हेंबर २०२० मधील भारतीय चिकित्सा केंद्रीय परिषदेच्या अधिसूचनेने शल्य व शालाक्य विषयांच्या पदव्युत्तर शिक्षणातील अठ्ठावन्न शस्त्रकर्मे नमूद केली; त्यांत हलणारा दात काढणे आणि रूट कॅनॉल यांचाही समावेश होता. त्यावर झालेला विरोध व निदर्शने सर्वांच्या स्मरणात आहेत. माझ्या मते ज्या शालाक्यतज्ज्ञाने हे काम गुरूंच्या हाताखाली केले आहे आणि ज्याच्याकडे क्ष-किरण व निर्जंतुकीकरणाची सोय आहे, त्याने ते निःसंकोच करावे. लहान गावात अशा वैद्यासारखा आधार नाही. पण ती अधिसूचना पदव्युत्तर शिक्षितांसाठी होती. केवळ स्नातक पदवीच्या बळावर, पाण्यात उकळलेल्या चिमट्याने दाढ उपटणे म्हणजे रुग्णाची बचत नव्हे. यकृतशोथाचा संसर्ग आणि तुटून आत राहिलेले मूळ या दोन्हींचा खर्च त्यालाच भोगावा लागतो. जालंधर बंध योगाने दात काढण्याची शिबिरे होतात, तेथे निवडक हलते दात सहजी निघतात हेही खरे. त्या परंपरेचा मला आदर आहे. परंतु सुजलेल्या गालाने शिबिराच्या तारखेची वाट पाहू नये, आणि आयोजकांनी तसे जाहिरातीत लिहावे.

एक अप्रिय गोष्टही लिहितो. रुग्ण पाठवल्याबद्दल काही दंतचिकित्सालयांकडून 'मानधन' देऊ केले जाते. ती रक्कम आकाशातून येत नाही, ती रुग्णाच्या बिलातच बसवलेली असते. आपल्या संस्थेच्या सभासदांनी उत्तर एकच द्यावे: जी रक्कम मला देणार आहात, ती त्या रुग्णाच्या बिलातून वजा करा आणि तसे पावतीवर लिहा. दोन दंतवैद्यांनी मला त्यावर होकार दिला. तिसऱ्याने पुन्हा दूरध्वनी केला नाही.

आपल्या संघटनेने काय करावे, याबद्दल माझी सूचना साधी आहे. प्रत्येक जिल्हा शाखेने एक पानी तक्ता तयार करावा: जिल्ह्यात दंतचिकित्सक कोणत्या शासकीय रुग्णालयात, कोणत्या वारी, किती वाजता बसतात, जवळचे दंत महाविद्यालय कोणते, धर्मादाय रुग्णालये कोणती, आणि रविवारी वा रात्री रुग्ण पाहणारे खासगी दंतवैद्य कोण. भारतीय दंतवैद्यक संघटनेच्या स्थानिक शाखेशी बोलून, वैद्याची चिठ्ठी आणणाऱ्या गरजू रुग्णासाठी तातडीच्या कामाचे दर आधी ठरवून घ्यावेत. दर आधी कळला की रुग्णाची अर्धी भीती ओसरते, हे मी आरंभी म्हटलेच आहे. 'आपला रुग्ण दुसऱ्याच्या हाती जातो' या शंकेने हा विचार सोडून देऊ नये. दाढेच्या कळेतून एका खेपेत सुटलेला रुग्ण पुढे संधिवातासाठी कोणाकडे येतो, ते प्रत्येकाने आपल्या नोंदवहीत पाहावे.

चिठ्ठीवर रुग्णाचे वय, कोणती दाढ, किती दिवस, दिलेली औषधे, रक्तशर्करा, चालू गोळ्या आणि अ‍ॅलर्जी एवढे लिहावे, आणि पाठवण्यापूर्वी त्या रुग्णालयात दूरध्वनी करून दंतचिकित्सक आज आहेत का, ते विचारावे. तक्ता दर तीन महिन्यांनी तपासावा लागेल. दंतचिकित्सकाची बदली होते आणि भिंतीवरील कागद तसाच राहतो. त्या कागदावर विसंबून पन्नास किलोमीटर गेलेला रुग्ण पुन्हा आपल्या सांगण्यावरून कोठे जाणार नाही.